परभाषेतला मजकूर: आधी गाळा, मग वापरा

मैत्रिणींनो, पाणी गाळून घ्यावे, पीठ चाळून घ्यावे, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. पण मोबाइलवर बोट टेकताच परक्या भाषेतला मजकूर मराठीत उतरतो, तेव्हा तो मात्र आपण जसाच्या तसा खरा मानतो! हे यंत्र उपयोगाचे आहे; त्याला नावे ठेवायची नाहीत. फक्त त्याचे गुण-अवगुण ओळखून वापरायचे, इतकेच.

हा खटाटोप तसा जुना आहे, बरं का. १९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एका यंत्राने साठाहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखवली. त्याला अवघे २५० शब्द आणि व्याकरणाचे ६ नियम ठाऊक होते. 'गूगल ट्रान्सलेट' २००६ साली निघाले, त्यात २०१३ मध्ये मराठी आली आणि २०२२ मध्ये कोकणी. आजचे यंत्र नियम पाठ करीत नाही. एकाच अर्थाची दोन भाषांतली असंख्य वाक्ये त्याला दाखवलेली असतात. त्यांवरून पुढे कोणता शब्द यावा, याचा ते अंदाज बांधते. ज्या भाषेतला मजकूर मुबलक, तिथे अंदाज बरा. इंग्रजीच्या मानाने मराठीचा साठा लहान, आणि आपली घरगुती बोली तर त्यात आणखी थोडी.

मग गंमत होते. नणंद, जाऊ, वहिनी, तिघी इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ'! मराठीत परत येताना कोणती निवडायची, हे यंत्राला कसे कळावे? 'आय वेंट' लिहिणारी बाई की पुरुष, हेही त्याला दिसत नाही; पुष्कळदा ते 'मी गेलो' असे सांगून मोकळे होते. आपण निघताना 'येते हं' म्हणतो. परदेशातल्या सुनेने ते यंत्रातून वाचले, तर सासूबाई निघाल्या की येऊन ठेपल्या, असा तिला प्रश्न पडायचा!

स्वयंपाकाची कृती उतरवून घेताना मापे नीट पाहा. इंग्रजीतला 'टीस्पून' ५ मिलिलिटरचा आणि 'टेबलस्पून' १५ मिलिलिटरचा. मराठीत दोन्हींचा नुसता 'चमचा' झाला, तर मीठ तिप्पट पडायला वेळ लागणार नाही.

पण भाजी खारट झाली तर एका जेवणापुरते. औषधाचे तसे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या औषधदुकानांत संगणकाने केलेल्या स्पॅनिश लेबलांची तपासणी झाली होती. २०१० साली ती 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या लेबलांत चुका निघाल्या. काही ठिकाणी इंग्रजी शब्द तसेच राहून गेले होते. इंग्रजीत 'वन्स' म्हणजे एकदा. पण त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो अकरा! दिवसातून एकदा द्यायचे औषध एखाद्या आईने अकरा वेळा पाजले, तर? म्हणून औषधाचे प्रमाण, दस्तऐवज, बँकेचे आणि विम्याचे कागद यांत यंत्राचा शब्द अखेरचा मानू नका. अंदाज यावा म्हणून वाचा. खात्री डॉक्टर, औषधविक्रेता किंवा जाणकार वकील यांच्याकडूनच करून घ्या.

आता आपण स्वतः दुसऱ्या भाषेत काही पाठवणार असू, तर? आमच्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत पालकांसाठी सूचना निघते, ती या भाषांतही द्यावी लागते. 'उद्या डबा नको, शाळेत खाऊ आहे' हे आपल्याला लख्ख कळते. यंत्राला मात्र डबा म्हणजे पत्र्याचा की रेल्वेचा, असा घोळ पडू शकतो. म्हणून आम्ही लिहितो, 'उद्या मुलांसोबत जेवण पाठवू नका. शाळा मुलांना जेवण देईल.' कोण, काय, केव्हा, सारे स्पष्ट. भाषांतर झाले की तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्या एकेका आईला ते वाचायला देतो, आणि त्यांनी होकार दिल्यावरच सूचना पाठवतो.

घरीही हेच करता येईल. वाक्ये छोटी ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'डोकं खाऊ नकोस' यासारखे वाक्प्रचार टाळा. 'वहिनी' म्हणण्याऐवजी 'माझ्या थोरल्या भावाची बायको' असे फोड करून लिहा. आकडे, तारखा आणि नावे मूळ मजकुराशी ताडून पाहा. झालेले भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून बघा. अर्थ पालटला असेल, तर मूळ वाक्य बदला. उलटवून बरोबर आले म्हणजे सगळे ठीक, असे मात्र समजू नका. भाषा जाणणारे माणूस मिळाले तर उत्तमच. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या भाषेची जोडणी मोबाइलमध्ये उतरवून ठेवली, की इंटरनेट नसतानाही काम भागते. आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक, घरातल्या खासगी गोष्टी असलेला मजकूर अशा यंत्रात टाकू नका.

एवढे सांभाळले, तर शेजारच्या तेलुगू वहिनींशी दोन शब्द बोलायला किंवा परप्रांतातल्या विहीणबाईंना सणाच्या शुभेच्छा कळवायला आता भाषेची अडचण उरलेली नाही. चार वाक्ये यंत्राकडून घ्या. पाचवे त्यांच्याच तोंडून शिका. त्यांनाही बरे वाटेल.