मांजराचा श्वास आणि भुलीची नळी

घरांत पाळलेल्या कुत्र्यामांजरांवर शस्त्रक्रिया करवून घेण्याचा प्रसंग हल्लीं पुष्कळ कुटुंबांवर येतो. मांजरीचें गर्भाशय काढावयाचें असतें, कुत्र्याचे किडलेले दांत उपटावयाचे असतात, किंवा गाडीखालीं सांपडून मोडलेला पाय बसवावयाचा असतो. घरांतील वडील माणूस दवाखान्यांत जातो, संमतिपत्रावर सही करतो, टांके केव्हां काढणार व खर्च किती येईल एवढें विचारतो आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसतो. भुलीविषयीं तो सहसा एक अक्षरही विचारीत नाहीं. आमच्या मतें प्रथम विचारावयाचें तें तिच्याविषयींच. सुरी चार बोटें जागेवर चालते, भूल सगळ्या देहावर चालते. आणि प्राणी जितका लहान, तितका ज्या नळ्यांतून तो त्या वेळीं श्वास घेतो त्या नळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक. त्या नळ्या, त्यांस जोडलेली रबरी पिशवी व झडपा या सर्वांस मिळून डॉक्टर लोक ‘सर्किट’ म्हणतात.

हा विषय आमच्या शाळामास्तरी पेशाचा नव्हे. परंतु मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेली आमच्या धाकट्या बंधूंची नात आमच्याच घरांत राहते, आणि सेवानिवृत्त माणसास प्रश्न विचारण्यास वेळ पुष्कळ असतो.

चार किलो वजनाचें मांजर एका श्वासांत किती वायु आंत घेतें? दर किलोमागें सुमारें १० मिलिलिटर धरले तर ४० मिलिलिटर, म्हणजे चहाचे आठ चमचे. आतां बागेंत पाणी घालण्याची पंधरा-वीस हात लांब नळी तोंडांत धरून व नाक दाबून एखादा मनुष्य श्वास घेऊं लागला, असें समजा. त्यानें सोडलेला उच्छ्वास नळीच्या पलीकडच्या तोंडापर्यंत पोहोंचतच नाहीं. पुढच्या श्वासास तोच परत आंत येतो. थोडक्यांत, तो आपलाच उष्टा वायु पुन्हां पुन्हां घेत राहतो, आणि रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचत जातो. मोठ्या प्राण्यांच्या यंत्रास असते तशी २२ मिलिमीटर पोकळीची एक मीटर नळी घेतली तर तिच्यांत ३८० मिलिलिटर वायु मावतो. मांजराच्या हिशेबानें हे नऊ-दहा श्वास झाले. तिच्यांतील उष्ट्या वायूची कांहीं व्यवस्था न लावतां ती मांजरास जोडली, तर काय होईल हें सांगावयास नको.

ही व्यवस्था दोन प्रकारांनीं लावतात. एक, ताज्या वायूच्या झोतानें उष्टा वायु धुऊन काढणें. दुसरा, उष्टा वायु शुद्ध करून पुन्हां वापरणें. सगळी निवड या दोहोंमधील आहे.

पहिल्या प्रकारास योगशास्त्राचे तीन शब्द उपयोगी पडतात. श्वास आंत घेणें तो पूरक, बाहेर सोडणें तो रेचक, आणि रेचकानंतर क्षणभर थांबणें तो बाह्य कुंभक. निजलेल्या प्राण्याच्या श्वासांत हा विसावा आपोआप येतो, आणि टी-पीस नांवाचें अगदीं साधें सर्किट त्या विसाव्यावरच चालतें. इंग्रजी टी अक्षरासारख्या या तुकड्याचें एक तोंड प्राण्याकडे असतें, दुसरें एका मोकळ्या नळीकडे, आणि तिसऱ्या फांट्यांतून प्राणवायु व भुलीची वाफ यांचा ताजा झोत सतत येत राहतो. रेचकांत उष्टा वायु मोकळ्या नळींत शिरतो. कुंभकांत ताजा झोत त्यास बाहेर लोटतो. पुढच्या पूरकांत प्राण्यास ताजाच वायु मिळतो. मात्र झोत पुरेसा हवा. मांजर मिनिटास दर किलोमागें सुमारें २०० मिलिलिटर, म्हणजे चार किलोचें मांजर ८०० मिलिलिटर वायु आंतबाहेर करतें; टी-पीसला त्याच्या दुप्पट ते तिप्पट, म्हणजे मिनिटास १.६ ते २.४ लिटर झोत लागतो. भूल उथळ झाल्यानें श्वास जलद झाला कीं कुंभक आंखडतो, नळी धुण्यास वेळ उरत नाहीं, आणि झोत आणखी वाढवावा लागतो. हें ज्यास कळलें त्यास टी-पीस कळला.

हें साधन मुळांत माणसांच्या तान्ह्या मुलांसाठीं निर्माण झालें. इंग्लंडांत न्यूकॅसल येथील फिलिप एअर या डॉक्टरानें फाटलेल्या ओठांच्या बालकांवर शस्त्रक्रिया होतांना तें वापरलें व १९३७ सालीं प्रसिद्ध केलें. लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यानें १९५० सालीं त्याच्या मोकळ्या टोंकास शेपटीशीं उघडी पिशवी जोडली. तिच्यामुळें श्वासाची हालचाल डोळ्यांस दिसूं लागली, आणि जरूर पडल्यास हातानें श्वास देण्याची सोय झाली. यांत झडप नाहीं, वजन नाहीं, श्वासास अडथळा जवळजवळ नाहीं. म्हणून मांजरास व लहान पिल्लास तें फार मानवतें. दोष एवढाच कीं झोत कोरडा व थंड असतो, आणि लहान जिवाची ऊब त्यांत लवकर निघून जाते.

या जातीचीं इतर सर्किटेंही आहेत, आणि कार्डिफचे पदार्थविज्ञानी मेपलसन यांनीं १९५४ सालीं त्यांस ए, बी, सी, डी, ई अशीं अक्षरें देऊन त्यांची वर्गवारी केली. त्यांतील मॅगिलचें सर्किट व त्याचें पुढचें रूप जें लॅक, तें प्राणी स्वतः श्वास घेत असेल तोंवर फार काटकसरी. ८०० मिलिलिटरच्या आसपासच्या झोतांत भागतें. परंतु हातानें पिशवी दाबून श्वास देत राहावयाचें असेल तर हाच गुण उलटतो व उष्टा वायु परत येऊं लागतो. बेन या कॅनडांतील डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यानें १९७२ सालीं नळीच्या आंत नळी घातलेलें सर्किट काढलें. तें सुटसुटीत खरें, पण आंतली नळी यंत्राकडच्या टोंकास निसटली तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि सबंध बाहेरची नळी उष्ट्या वायूची कोठडी होते. म्हणून वापरण्यापूर्वीं आंतल्या नळीचें तोंड क्षणभर दाबून धरावयाचें; झोतमापकांतील गोळी खालीं बसली तर नळी शाबूत.

आतां दुसरा प्रकार. चुन्याच्या निवळींत फुंकर घातली कीं ती दुधाळ होते, हा प्रयोग आम्हीं वर्गांत किती वेळां केला असेल त्याची गणती नाहीं. उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड चुना शोषून घेतो, हेंच त्याचें कारण, आणि त्यावरच वर्तुळाकार सर्किट उभें आहे. अमेरिकेंत सेंट लुई येथें डेनिस जॅक्सन यानें १९१५ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, उच्छ्वास अशा रीतीनें शुद्ध केला तर तोच वायु पुन्हां पुन्हां देऊन भूल टिकवितां येते. पुढें राल्फ वॉटर्स यानें चुन्याच्या दाण्यांचा डबा माणसांच्या उपयोगांत आणला, आणि १९३० च्या सुमारास ब्रायन सोर्ड यानें वायु एकाच दिशेनें फिरविणाऱ्या झडपांसह वर्तुळ पुरें केलें. टी-पीस बालकांकडून मांजरांकडे आला. चुन्याची युक्ति कुत्र्यांकडून माणसांकडे गेली.

डब्यांतील दाणे, ज्यांस सोडालाइम म्हणतात, ते बहुतांशीं आपल्या पानाच्या डब्यांतल्या चुन्याचेच. शक्ति संपत आली कीं त्यांचा रंग पालटतो. कांहीं जातींत पांढऱ्याचा जांभळा होतो, कांहींत गुलाबीचा पांढरा. येथें एक फसवणूक आहे. संपलेला दाणा रात्रभर तसाच राहिला तर सकाळीं रंग पुष्कळ वेळां पूर्ववत् दिसतो, शक्ति मात्र परत आलेली नसते. याकरितां दाणे कोणत्या तारखेस भरले व किती तास वापरले याची चिठ्ठी डब्यावर चिकटविणारा दवाखाना आम्हांस नुसत्या झगझगीत यंत्राच्या दवाखान्याहून अधिक विश्वासाचा वाटतो.

वर्तुळाकार सर्किटाचा लाभ मोठ्या कुत्र्यास किती, हें त्रैराशिकानें पाहावें. ३० किलोच्या कुत्र्यास टी-पीस लावला तर मिनिटास १२ ते १८ लिटर झोत हवा. १५०० लिटर प्राणवायूचें नळकांडें शंभरएक मिनिटांत रिकामें होईल आणि भुलीचें महाग औषध त्याच प्रमाणांत खोलींत उधळलें जाईल, तें तेथें उभ्या असलेल्या माणसांच्या नाकांत. वर्तुळावर, सुरुवातीचीं कांहीं मिनिटें झोत मोठा ठेवला कीं पुढें एक लिटर पुरे. तेंच नळकांडें चोवीस तासांहून अधिक पुरेल. शिवाय फिरणारा वायु चुन्याच्या रासायनिक क्रियेनें उबदार व ओलसर होतो. मग मांजरासही हेंच कां नको? कारण झडपा उघडण्यास, दाण्यांतून वायु ओढण्यास बळ लागतें, आणि आठ चमचे श्वास घेणाऱ्या छातीस तें जड जातें. सीमारेषा कोठें आंखावी यावर पशुवैद्यांत एकमत नाहीं. कोणी ३ किलो म्हणतात, कोणी ५, कोणी ७. हल्लींच्या हलक्या झडपांनीं व बारीक नळ्यांनीं ती रेषा खालीं आणली आहे. पिशवीही प्राण्याच्या मापाचीच हवी. एका श्वासाच्या पांचसहापट. मांजरास पाव ते अर्धा लिटर बस्स.

तोंडांतून श्वासनलिकेंत घालावयाची नळीही नाकाच्या शेंड्यापासून खांद्यापर्यंत मापून घेतात. दातांबाहेर उरलेला लांब तुकडा म्हणजे पुन्हां उष्ट्या वायूचें घर. मांजराची श्वासनलिका फार नाजूक. नळीभोंवतालचा फुगा बेतानेंच फुगवावा, आणि प्राण्यास कुशीवर वळवितांना नळी सर्किटापासून सोडवून मग वळवावें. नाहीं तर आंत पीळ बसून ती फाटते.

आम्हीं एकदां नातीस विचारलें, “तुमच्या या सगळ्या यंत्रांत अधिक भयंकर वस्तु कोणती?” ती म्हणाली, “आबा, एक झडप. दोन बोटांत धरून फिरवितां येते.”

ही झडप म्हणजे पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, जादा वायु बाहेर जाण्याची वाट. गळती तपासतांना ती बंद करावी लागते; हातानें एखादा श्वास देतांनाही क्षणभर बंद करतात. इतक्यांत कोणी हांक मारतो, टेलिफोन वाजतो, आणि ती तशीच राहते. मिनिटास दोन लिटर झोत म्हणजे सेकंदास ३३ मिलिलिटर. अर्ध्या लिटरची पिशवी पंधरा सेकंदांत तट्ट भरते. पुढें दाब फुप्फुसांवर चढूं लागतो, ताठरलेल्या छातींत हृदयाकडे रक्त परत येईनासें होतें, फुप्फुस फाटूं शकतें, आणि कांहीं मिनिटांत सर्व आटोपतें. सुरीचा यांत कांहीं संबंध नसतो. कधीं कधीं ती हातांतही घेतलेली नसते. निरोगी तरुण मांजरही असें दगावतें.

उपाय खर्चाचे नाहींत. बोट दाबून धरलें तोंवरच बंद राहणारी व बोट उचलतांच उघडणारी कळीची झडप मिळते; दाब वाढतांच आवाज देणारें साधनही मिळतें. गळती तपासून झाल्यावर नळीच्या तोंडावरचा अंगठा आधीं काढावयाचा नाहीं; आधीं झडप उघडावयाची व पिशवी तिच्यांतून रिकामी होतांना पाहावयाची, म्हणजे ती उघडल्याची खात्री त्या कृतींतच होते. तशीच ती प्राणवायूची फ्लश नांवाची कळ. ती दाबली कीं मिनिटास ३५ ते ७५ लिटरचा लोंढा येतो, सेकंदास अर्ध्या लिटराहून अधिक. टी-पीस मांजरास जोडलेला असतां त्या कळीस हातच लावावयाचा नाहीं.

तेव्हां सही करणाऱ्या गृहस्थानें वा गृहिणीनें काय विचारावें? आज वजन केलें काय. त्या वजनास कोणतें सर्किट लावणार. झडप व गळती आज तपासली काय. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज केवळ श्वासाकडे पाहणारें दुसरें माणूस असणार काय. उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड मोजणारें यंत्र असेल तर उत्तम. त्याची रेघ प्रत्येक पूरकांत शून्यावर येत नसेल तर उष्टा वायु परत येत आहे हें तात्काळ कळतें. सर्वच दवाखान्यांस तें परवडत नाहीं. परंतु पिशवीकडे लक्ष ठेवणारे दोन डोळे सर्वांस परवडतात. चांगला पशुवैद्य असल्या प्रश्नांनीं रागावत नाहीं. आमच्या नातीचें म्हणणें तर असें कीं, उत्तर देतां देतां तिची स्वतःचीच उजळणी होते.

शस्त्रक्रिया संपून भुलीची वाफ बंद केल्यावरही प्राणवायु कांहीं मिनिटें चालू ठेवतात. कुत्र्याची नळी तो गिळूं लागला म्हणजे काढतात. मांजराची थोडी आधीं, कान-पापणी हलूं लागतांच, कारण त्याचा घसा चटकन् आवळतो. पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची मात्र शक्य तितक्या उशीरां, तो चांगला शुद्धीवर येऊन नळी सहन करीनासा होईपर्यंत. नंतर प्राणी थरथरत असतो. घरून जातांना एक जुनें, स्वच्छ, उबदार पांघरूण बरोबर न्यावें.