दरीतलं धुकं फिल्मच्या छिद्रांवर कसं आलं?

गेल्या पावसाळ्यात आहुप्याच्या बाजूने काढलेला फिल्मचा एक रोल धुऊन आला. स्कॅन उघडले, आणि बऱ्याच फोटोंत खालच्या बाजूला पांढरा पडदा. वर डोंगराची धार स्वच्छ, मधे हिरड्याची झाडं, आणि खाली, नेमकी जिथे मला भातखाचरांचे बांध मोजायचे होते तिथे, दुधासारखं पांढरं. घाटमाथा, श्रावण, दरी. मी तक्त्यात लिहून टाकलं : 'धुक्यामुळे दिसत नाही.'

याच जागांचे तीसेक वर्षांपूर्वीचे फोटो आम्हाला मिळाले होते. ज्या कॅमेऱ्याने ते काढले होते तो कॅमेराही मिळाला, म्हणून त्याच लेन्समधून त्याच जागा पुन्हा टिपायचं ठरलं. तुलना करताना लेन्सचा फरक मधे येऊ नये, एवढंच कारण. फिल्मचं रोमँटिक वेड वगैरे काही नाही.

तक्ता भरत गेला तसा त्यात एक छान कल दिसायला लागला. रस्त्यापासून जितकी जागा लांब, तितकं धुकं जास्त. लांबच्या जागा कड्याच्या जवळ, कड्यावरून ढग वर चढतात, म्हणजे सगळं जुळतंय! मी खूश होऊन गाइडसरांना दाखवायला गेले. ते म्हणाले, "निगेटिव्ह आण." आणली. खिडकीला धरली. ते धुकं फोटोच्या चौकटीत थांबतच नव्हतं. चौकटीच्या बाहेर, फिल्मच्या कडेला जी दात्यांची छिद्रं असतात, त्यांच्यावरही ते पसरलं होतं.

आता विचार करा. लेन्समधून येणारं चित्र चौकटीतच पडतं. दरीतलं धुकं छिद्रांवर कसं पडेल? लॅबने स्कॅन करताना कडा कापल्या होत्या (सगळेच कापतात, त्यांची चूक नाही), आणि पुरावा त्या कापलेल्या भागात होता. कॅमेऱ्याला गळती लागली होती.

तुमच्याकडे घरातला एखादा जुना कॅमेरा असेल तर ही पहिली परीक्षा लक्षात ठेवा. डाग चौकटीबाहेर जात असेल, तर प्रकाश मागच्या झाकणाच्या कडेने आला आहे, किंवा रोल भरताना-काढताना लागला आहे. डाग चौकटीच्या आतच काटेकोर थांबत असेल, तर वाट पुढून आहे : शटरचा पडदा, लेन्स जिथे बसते ती जागा, किंवा घडीच्या कॅमेऱ्यात भात्याला पडलेलं भोक.

दुसरी परीक्षा दिशेची. लेन्स चित्र उलटं पाडते, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. गळतीचा प्रकाश लेन्समधून येत नाही, त्यामुळे तो उलटत नाही. म्हणून सरळ धरलेल्या फोटोत डाग खाली असेल, तर भोक कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला. बहुतेक कॅमेऱ्यांत मागून पाहिल्यावर झाकणाची बिजागरी उजवीकडे असते. तिथली गळती फोटोत डावीकडे दिसते. माझा पडदा कायम खाली होता, म्हणजे संशयित झाकणाची वरची खाच. हे मला कॅमेऱ्याला हात न लावता कळलं.

माझी फिल्म ब्लॅक अँड व्हाइट होती म्हणून फसायला सोपं गेलं. रंगीत निगेटिव्ह असती, तर मागून आलेला प्रकाश आधी लाल रंग टिपणाऱ्या थराला लागला असता (तो थर पाठीकडून सर्वांत जवळ असतो) आणि डाग लाल-नारिंगी उमटला असता. नारिंगी धुकं मीही तक्त्यात लिहिलं नसतं.

मग तो कल कुठून आला? इथे खरी गंमत आहे, आणि खरी भीतीसुद्धा. मला फोटो काढला की लगेच पुढची फ्रेम ओढून ठेवायची सवय. ती कोरी फ्रेम पुढच्या जागेपर्यंतच्या चालीत शटरमागे बसून राहायची, आणि कॅमेरा गळ्यात, उघडा. चाल दहा मिनिटांची तर थोडा प्रकाश झिरपायचा, दीड तासाची तर भरपूर. लांबच्या जागा म्हणजे लांबची चाल, लांबची चाल म्हणजे जास्त 'धुकं'. मी मोजत होते ते माझं चालणं. सरांनी निगेटिव्ह मागितली नसती तर हा आलेख प्रबंधात गेला असता, आणि त्याला कारणमीमांसाही मीच पुरवली असती.

जुन्नरमधून हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; त्यांतल्या १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या १६ तीन बाहूंवर पसरलेल्या, सर्वांत लांबचं अंतर साधारण २५ किलोमीटर. मोबाइल, विजेच्या तारेवरची ठिणगी, बिघडलेलं यंत्र, हे सगळं तिथे 'प्रकाशगळती'च. पण आकाशातला स्रोत लांबलांबच्या दोन्ही अँटेनांना दिसतो. एकीच्या शेजारच्या तारेवरची ठिणगी दुसरीपर्यंत सहसा पोचत नाही. दोघींचे संकेत जुळवले की जे दोन्हीकडे आहे ते टिकतं, जे एकीकडेच आहे ते बरंचसं विरतं. (सगळं नाही. गोंगाट फार मोठा असेल तर तो भाग टाकूनच द्यावा लागतो.) मी प्रत्येक जागेवर मोबाइलने एक फोटो काढून ठेवला असता तरी पुरलं असतं. खरं धुकं दोन्ही फोटोंत आलं असतं, गळती एकातच.

आता दुरुस्तीकडे वळू. पण लगेच फोम बदलायला बसू नका. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ तिथूनच सुरू होतात. सगळं एकदम बदललं आणि डाग गेला, तर तो कशामुळे गेला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि गेला नाही तर तुम्ही जिथे होतात तिथेच.

आधी एक स्वस्तातला रोल खर्ची घाला. लेन्सवर टोपी लावा, म्हणजे शटर दाबलं तरी पुढून काही येणार नाही. पहिल्या दोन-तीन फ्रेम काळ्या पिशवीत ठेवूनच पुढे सरकवा. ही तुमची कोरी पाटी, बाकी सगळं हिच्याशी ताडून बघायचं. मग कॅमेऱ्याची एकेक बाजू उन्हाकडे करून पाच-पाच मिनिटं ठेवा : वर, खाली, बिजागरी, कडी. प्रत्येक वेळी मधे एक फ्रेम सोडा, कारण प्रकाश शेजारच्या फ्रेमवरही सांडतो. वहीत फ्रेमचा नंबर आणि वेळ लिहा. त्यानंतर संशयित फटीवर काळी इन्सुलेशन टेप लावून तीच बाजू पुन्हा तेवढाच वेळ उन्हात. डाग गेला तर चोर सापडला. शटरचा संशय असेल तर त्याची चाचणी वेगळी : टोपी काढून, शटर न दाबता थोडा वेळ उन्हात फिरा, मग टोपी लावून शटर दाबा. मात्र लेन्स थेट सूर्यावर रोखू नका. आरसा नसलेल्या, कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात लेन्स भिंगासारखी चालते आणि पडद्याला भोक पाडते.

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत किचेनचा छोटा एलईडी ठेवून बाहेरून बघतात, तेही करून पाहा. पण काही दिसलं नाही म्हणून कॅमेरा निर्दोष ठरत नाही. फट वळणाची असते, डोळ्याला सरळ रेषा लागते. शिवाय डोळा क्षणभर बघतो आणि फिल्म तासभर प्रकाश साठवत बसते.

माझ्या बाबतीत वरच्या खाचेतला फोम गेला होता. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक जपानी एसएलआरमध्ये झाकणाच्या खाचांत पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो, आणि फोमचा डांबरासारखा चिकट गाळ होतो. भीमाशंकर-आहुप्याकडच्या दमट घरात कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

गाळ काढायला मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए आणि टूथपिक पुरतात. टूथपिक लाकडीच घ्या, लोखंडी सुईने रंग खरवडतो आणि उघडा पडलेला धातू चमकतो. काम सुरू करण्याआधी शटरच्या पडद्यावर कागद झाका, कॅमेरा उलटा धरा म्हणजे कण खाली पडतील, आणि आरशाला आयपीए लागू देऊ नका. अरुंद खाचेत काळी लोकर बसवली तरी चालते. मी तेच केलं, मंचरच्या बाजारातली लोकर, डिंकासारखा गोंद अगदी थोडा. बिजागरीकडे थोडी रुंद पट्टी लागते, तिथे शिंप्याकडचा काळ्या मखमलीचा तुकडा. जाड फोम ठासून भरायचा मोह होतो, पण मग झाकण नीट बसत नाही, कडीवर ताण येतो आणि नवीच फट तयार होते. साधारण दीड ते दोन मिलिमीटर पुरे. आणि 'काळं' म्हणून घेतलेलं प्रत्येक कापड आधी बल्बसमोर धरून बघा.

घरात आग्फा क्लिक-३ असेल (बडोद्यात बनायचा, अनेकांच्या आजोबांकडे होता), तर फोम शोधू नका. मागच्या लाल खिडकीवर टेप लावा. ती खिडकी ज्या काळातल्या फिल्मसाठी सुचली, त्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल जवळजवळ दिसत नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल व्यवस्थित दिसतं. रोल सरकवतानाच टेप उचलायची, तीही सावलीत.

लोकर बसवल्यावर मी तोच चाचणीचा रोल पुन्हा केला. वरची बाजू स्वच्छ आली. बिजागरीकडे मात्र एक पुसट डाग निघाला, जो आधीच्या मोठ्या डागाखाली झाकला गेला होता. मखमलीची ती पट्टी त्यानंतरची.

तक्त्यातल्या त्या सगळ्या नोंदी आता 'धुक्यामुळे दिसत नाही'ऐवजी 'उपकरणातील दोष' अशा आहेत, आणि त्या जागा विश्लेषणातून वगळल्या आहेत. कलही त्यांच्याबरोबर गेला. खाचरांत पाणी भरलेलं असताना बांध सर्वांत स्पष्ट दिसतात, त्यामुळे पुन्हा जायचं तर पुढच्या पावसाळ्यातच. कॅमेरा तोवर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात आहे.