प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : बेळगावच्या पिशवीने दिलेले माप

बाळाच्या जन्मानंतर वार सुटते आणि गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून त्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात. हे आकुंचन पुरेसे झाले नाही, तर रक्तस्राव थांबत नाही आणि उपचाराअभावी निरोगी मातेचाही काही तासांत मृत्यू ओढवू शकतो.

औषधे उपलब्ध असूनही उपचारास विलंब होतो, याचे एक मोठे कारण म्हणजे नजरेचा अंदाज. रक्त कपड्यात मुरते, गर्भजलात मिसळते. शिवाय तरुण मातेची नाडी आणि रक्तदाब बराच वेळ फसवे समाधान देत राहतात. कर्नाटकातील एका रुग्णालयात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला होता.

हे मोजमाप करणारी, मातेखाली अंथरण्याची, खुणा आखलेली प्लास्टिकची पिशवी बेळगाव जिल्ह्यातील एका संशोधनासाठी तयार करण्यात आली होती. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेल्या या संशोधनात, २००२ ते २००५ या काळात, ग्रामीण भागातील १,६२० महिलांची पाहणी करण्यात आली. प्रसूती करणाऱ्या, गोळी देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या डॉक्टर नव्हे, तर २५ सहाय्यक परिचारिका प्रसाविका होत्या. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलची गोळी दिलेल्या महिलांमध्ये ५०० मिलीलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते, तर औषधविरहित गोळी घेतलेल्यांमध्ये १२ टक्के. थंडी वाजणे आणि ताप हे दुष्परिणाम दिसले, मात्र ते तात्पुरते होते.

पिशवी अर्थातच रक्त थांबवीत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेल्या व २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत अशाच पिशवीला उपचारांच्या संचाची जोड देण्यात आली. गर्भाशयाचे मर्दन, आकुंचनाची औषधे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि तपासणी हे उपाय एकामागून एक आजमावत न बसता एकत्रच सुरू करण्यात आले. तीव्र रक्तस्राव व त्यातून उद्भवणाऱ्या गंभीर परिणामांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये इशाऱ्याची मर्यादाही अलीकडे आणली. नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असल्यास ५०० मिलीलिटरची वाट न पाहता ३०० मिलीलिटरलाच, म्हणजे सुमारे दीड पेला रक्त गेल्यावर, उपचार सुरू करावेत, अशी शिफारस संघटनेने केली आहे.