दणका खालून येतो, बॅकरेस्ट असतो मागे

जानेवारी जवळ आला की पुण्या-कोल्हापूरकडच्या रायडर मंडळींत तंजावरचे बेत शिजू लागतात. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहायचा, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकवायचं आणि मग तिरुवैयारू, कुंभकोणम करत कालव्यांच्या कडेने गावं फिरायची. बेत उत्तमच आहे. पण त्याच्याबरोबर एक वाक्य दरवर्षी न चुकता कानावर पडतं, "क्रूझरला मोठ्यातला मोठा बॅकरेस्ट टाकलाय, आता कंबरेची काळजी मिटली."

मिटत नाही! सीटवर बसल्यावर खड्ड्याचा, गतिरोधकाचा दणका मागच्या चाकाकडून सस्पेन्शनमध्ये, तिथून सीटमध्ये आणि सीटमधून सरळ माकडहाडात येतो. म्हणजे तो खालून वर येतो. बॅकरेस्ट आधार देतो तो मागून. उभ्या दिशेने येणारा धक्का तो अडवू शकत नाही. बसलेल्या माणसाचं धड साधारण ४ ते ६ हर्ट्‌झच्या उभ्या कंपनाला सर्वाधिक साथ देतं, हे शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यावर इलाज सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब), टायरमधली हवा आणि सीटचा फोम यांच्याकडे आहे. मागे सामान आणि सोबती असूनही प्रीलोड कारखान्यातून आला तसाच ठेवायचा आणि पैसे मात्र बॅकरेस्टवर घालायचे, हे बघून खरंच वाईट वाटतं. प्रीलोडची कडी फिरवायला पाना लागतो आणि पाच मिनिटं लागतात, बस्स.

मग बॅकरेस्ट निरुपयोगी का? नाही, आणि इथे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांचंही मला पटत नाही. स्वीडिश अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. त्यात उभं राहण्यापेक्षा आधाराविना बसण्यात दाब जास्त भरला. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एकाच स्वयंसेवकावर केलेल्या मोजणीत (१९९९) हा फरक तसा दिसला नाही. पण पाठ मागे टेकवली की दाब कमी होतो, यावर दोन्हीकडचा निष्कर्ष जुळतो. विक्रेते हाच भाग पुढे करतात. ही मोजमापं स्थिर खुर्चीवरची आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही. खुर्चीत मागे रेलता येतं. बाइकवर तितकं रेललात तर हँडल हातातून निसटेल.

म्हणून हा आधार उपयोगी पडतो तो ठरावीक ठिकाणी. पुणे ते तंजावर अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा भाग बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली असा चौपदरी मार्गाचा आहे. मिटिओर किंवा सुपर मिटिओरसारख्या क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे कमरेचा कटोरा मागे कलतो, पाठीचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि तासाभराने माणूस पोक काढून बसतो. अशा वेळी कमरेच्या बाकात नीट बसलेली छोटी गादी तो बाक टिकवते. तेवढंच तिचं काम आहे आणि ते ती चोख करते.

आता गादीची जागा. दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांना हाडाची जी कड लागते, तिच्यावरून आडवी रेघ ओढली तर ती साधारण कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीला येते. बॅकरेस्टच्या गादीचा मध्य त्या रेघेच्या किंचित वर हवा. वरची कड खांद्याच्या पात्यांपर्यंत पोहोचता कामा नये. बाइक स्टँडवर सरळ उभी करा, जॅकेट घालून बसा आणि हँडल धरा. कोपरं थोडी वाकलेली राहून पाठ टेकली तर जमलं. टेकण्यासाठी हात ताणून सरळ करावे लागले तर गादी फार मागे आहे, आणि पोट टाकीला लागत असेल तर फार पुढे. विकत घेण्याआधी टॉवेलची घट्ट गुंडाळी बांधून घराजवळ चक्कर मारून बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

उंच बॅकरेस्टचा खरा तोटा कळतो तंजावर ओलांडल्यावर. सांबा या भाताच्या हंगामाची कापणी सुरू झाली की त्रिभुज प्रदेशातल्या गावांत डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात वाळत पडलेलं असतं, पेंढाही पसरलेला असतो. ओल्या पेंढ्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. वेग आधीच उतरवून, बाइक सरळ ठेवून, थ्रॉटल न हलवता पार व्हायचं असतं. कालव्यावरच्या अरुंद मोऱ्या, त्यांच्या तोंडाशी वळण, समोरून बस. इथे अंग सतत पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवावं लागतं. खांद्यापर्यंत टेकलेल्या पाठीला मागून प्रत्येक हादरा ढकलतो, आणि तो धक्का हातांतून हँडलमध्ये उतरतो. गावातल्या रस्त्यांवर बॅकरेस्ट असो-नसो, अंग सुटं हवं.

बाकीच्या समजुती थोडक्यात.

"सोबत्याच्या पाठीमागच्या सिसी बारला मलाही टेकता येईल." तो पूर्ण सीटभर मागे आहे, नाही येणार.

"सीटवर बॅग बांधली की झालं." घट्ट भरलेली, न घसरणारी बॅग काही प्रमाणात काम देते. ढिली बॅग पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये बसते.

"जितका मऊ फोम तितका आराम." मऊ फोम दबून तळाला लागतो आणि मग खाली पत्राच उरतो.

"बॅकरेस्ट असला की सलग चार तास ओढता येतं." सर्वांत घातक समज हाच. स्नायूंना आणि चकत्यांना एकाच स्थितीत अडकून राहणं मानवत नाही, आधार कितीही चांगला असो. दीड-दोन तासांनी उतरा, चाला, पाणी प्या.

"प्रत्येक बाइकला लावावा." पुढे झुकून किंवा फूटपेगवर उभं राहून चालवायच्या बाइकला पाठ टेकतच नाही, मग कशाला?

घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, बॅकरेस्टची घडी होते किंवा तो झटकन निघतो का. देवळादेवळाशी थांबताना मागे साडीतली बायको किंवा आई असेल, तर ताठ उभ्या दांड्यावरून पाय टाकणं तुम्हालाही जड जाईल आणि त्यांची जागाही जाईल. दोन, बसवताना मेकॅनिक सोबत्याची हाताने धरायची पकड काढून टाकत नाही ना. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सोबत्याची सोय असलेल्या मोटरसायकलला हाताची कायमची पकड, पायटेकण आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण असावं असं सांगतो. ती पकड काढून तिथे ब्रॅकेट बसवायचा सल्ला कुणी दिला, तर दुसरं दुकान शोधा. आणि ब्रॅकेटचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, कारण नवीन पत्रा आणि रबर बसताना ते हमखास सैल होतात.