'ब्रँडिश' : एका शस्त्रवाचक क्रियापदाचा अर्थविस्तार

इंग्रजीतील 'ब्रँडिश' या क्रियापदाला मराठीत सामान्यतः 'परजणे' हा प्रतिशब्द योजला जातो. तलवारीपुरता तो चपखल आहे. कारण प्रत्यक्ष प्रहार न करता धमकीच्या आविर्भावात शस्त्र नाचविणे, हाच या क्रियापदाचा मूळ अर्थ होय. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी असलेल्या जर्मानिक शब्दाचे जळते लाकूड आणि तलवार असे दोन्ही अर्थ होते. (व्यापारी 'ब्रँड'ही याच कुळातला, तो तापल्या लोखंडाच्या डागावरून आला.) पात्याच्या लकाकीत ज्वाळा दिसावी, ही कल्पना मराठीलाही परकी नाही. 'प्रज्वल्'शी नाते सांगणारे 'पाजळणे' दिव्याला लागते तसे शस्त्रालाही. परंतु शस्त्र पाजळणे म्हणजे ते धार लावून सज्ज करणे. शिवाय 'अक्कल पाजळणे'मुळे या शब्दाला उपहासाची छटा चिकटली आहे. अनुवादकाच्या ती कामाची नाही.

खरी अडचण बंदुकीपाशी येते. मराठी क्रियापदे शस्त्रानुसार बदलतात : तलवार उपसतात, परजतात, काठी उगारतात, बंदूक रोखतात. 'रोखणे'मध्ये नेम गृहीत आहे, 'ब्रँडिश'मध्ये तो नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९९८ मध्ये या क्रियापदाची जी व्याख्या समाविष्ट झाली, तिच्यात तर हालचालही उरलेली नाही. दहशत बसविण्याच्या हेतूने बंदूक पूर्णतः वा अंशतः दाखविणे, किंवा तिच्या अस्तित्वाची अन्य प्रकारे जाणीव करून देणे, एवढे पुरेसे ठरते. समोरच्याला ती प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असे नाही. हिंसक गुन्ह्यात बंदूक वापरली वा बाळगली तर किमान शिक्षा ५ वर्षे, 'ब्रँडिश' केली तर ७. अ‍ॅलेन खटल्यात ज्यूरीने बंदुकीचा वापर वा बाळगणे एवढेच नोंदविले असता न्यायाधीशाने ७ वर्षांची शिक्षा दिली. ही बाब ज्यूरीपुढेच निःसंशय सिद्ध व्हावयास हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले.

अशा मजकुरात 'परजणे' वा 'रोखणे' लिहिणारा अनुवादक मुळात नसलेली कृती आरोपीच्या माथी मारतो. वृत्तपत्रांनी रूढ केलेला, काहीसा गुळगुळीत झालेला 'बंदुकीचा धाक दाखविणे' हा प्रयोग येथे अधिक नेमका आहे. त्यात भर हेतूवर आहे, हाताच्या हालचालीवर नाही. वीरकाव्याच्या अनुवादात मात्र तो चालणार नाही. तेथे पाते लखलखलेच पाहिजे, आणि ते 'परजणे'नेच लखलखते.