आरसी गाडीतला जायरो: गेन वाढवण्याआधी काय बघायचं?



संशोधनाकडे वळू पाहणारे बरेच विद्यार्थी म्हणतात, "सर, फीडबॅक पुस्तकात कळतो, पण हाताला लागत नाही." त्यावर माझा उपाय साधा आहे. रिमोटवर चालणारी एकास दहा मापाची गाडी घ्या आणि तिला जायरो लावा. एका संध्याकाळीत बरंच काही कळेल. मात्र मी केलेली चूक करू नका. त्या चुकीपायी माझी तीन आठवड्यांची रीडिंग्ज टाकून द्यावी लागली, आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे.

जायरो नेमकं काय करतो?

आरसी गाडीतला जायरो म्हणजे फिरणारं चाक नव्हे. ती एक चिप असते. चिपच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. गाडी वळली की कोरिऑलिस बलामुळे तो तुकडा आडवा सरकतो, आणि त्या सरकण्यावरून वळण्याचा वेग कळतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: साध्या जायरोला गाडीचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. ती दर सेकंदाला किती अंश वळतेय, एवढंच कळतं.

जायरो रिसीव्हर आणि स्टिअरिंगचा सर्वो यांच्या मधे जोडतात. गाडीचा मागचा भाग घसरून तोंड उजवीकडे वळायला लागलं, की जायरो पुढची चाकं थोडी डावीकडे वळवतो. किती वळवायची ते 'गेन' ठरवतो. म्हणजे वळण्याचा वेग गुणिले गेन, आणि दिशा उलटी.

जोडल्यावर पहिली चाचणी गाडी न चालवताच करा. गाडी हातात उचला आणि तिचं तोंड झटकन उजवीकडे फिरवा. पुढची चाकं डावीकडे गेली तर ठीक. उजवीकडे गेली तर जायरोची दिशा उलटी आहे, आणि तशीच पळवलीत तर गाडी भोवऱ्यासारखी गरगरेल.

साताऱ्याचा मुरूम, सांगलीचं डांबर

माझं घर साताऱ्यात, काम सांगलीत. दिवाळीच्या सुट्टीत घराजवळच्या मुरमाच्या मैदानावर मी जायरो बसवला. मुरमावर गाडी सारखी घसरायची, म्हणून गेन वाढवत गेलो. शेवटी गाडी रुळावर असल्यासारखी सरळ पळायला लागली. मी खूश! तेच सेटिंग घेऊन सांगलीला आलो, डांबरी रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल दिला, तर गाडी शेपूट हलवत नागमोडी धावली आणि कडेच्या दगडावर आदळली.

का झालं असं? थोडं गणित करू. या मापाच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २६ सेंमी असतं. पुढची चाकं २ अंश वळवली आणि गाडी सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली, तर ती सेकंदाला सुमारे ३८ अंश वळते. वेग १० मीटर केला तर सुमारे ७७ अंश. चाकांचा कोन तेवढाच, पण परिणाम दुप्पट. मुरमावर वेग कमी होता, शिवाय पुढची चाकंही थोडी घसरत होती, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीचा परिणाम कमीच होत होता. डांबरावर वेगही वाढला आणि पकडही. जायरोवरचा गेनचा आकडा तोच राहिला, पण संपूर्ण लूपचा गेन कितीतरी वाढला.

त्यात भर पडते उशिराची. साध्या अ‍ॅनालॉग सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक आदेश मिळतो. सर्वो ६० अंश फिरायला ०.१ सेकंद घेत असेल, तर १५ अंशांना आणखी २५ मिलिसेकंद लागतात. एकूण ४५ मिलिसेकंद. सेकंदाला १० मीटर वेगाने गाडी तेवढ्यात ४५ सेंमी पुढे गेलेली असते. म्हणजे दुरुस्ती चाकांपर्यंत पोहोचेतो गाडीची अवस्था बदललेली असते. डावीकडची दुरुस्ती उशिरा आली की ती जास्त होते, मग उजवीकडची जास्त होते, आणि गाडी झुलत राहते.

आपल्या भागात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पाहिलंय ना? गव्हर्नर अडकत असेल तर इंजिन एका वेगावर ठरत नाही, आवाज चढतो-उतरतो, चढतो-उतरतो. मेकॅनिक म्हणतो, "हंटिंग करतंय." भौतिकशास्त्र तेच. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरवर जो निबंध लिहिला, तो याच झुलण्याच्या प्रश्नावर होता.

खरी चूक वेगळीच होती

गेन कमी केला आणि झुलणं थांबलं. पण आता गाडी किंचित उजवीकडे ओढायला लागली. जायरो पूर्ण बंद केला तेव्हा ती ओढ स्पष्ट दिसली. स्टिअरिंगची एक सळई वाकलेली होती, आणि ती साताऱ्यापासूनच वाकलेली असणार!

मग तेव्हा का दिसली नाही? समजा सळईमुळे गाडी सेकंदाला २० अंश वळत होती आणि लूपचा गेन ३ होता. तर उरणारी ओढ २० भागिले (१ अधिक ३), म्हणजे फक्त ५ अंश. दोष गेला नव्हता, चौथाईवर आला होता. उरलेलं माझा अंगठा नकळत सांभाळून घेत होता.

दरम्यान मी तीन आठवडे दोन प्रकारच्या टायरांची तुलना करत होतो. उजव्या आणि डाव्या वळणातला फरक मी टायरच्या नावावर लिहिला होता. तो फरक टायरचा, सळईचा की जायरोचा, हे वेगळं काढणं आता शक्य नव्हतं. रीडिंग्ज गेली.

तुम्ही काय कराल?

१. आधी जायरो बंद ठेवून गाडी चालवा आणि नोंद करा. हीच तुमची आधाररेषा.

२. त्याच रस्त्यावर जाताना आणि येताना, दोन्हीकडे चालवा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. ओढ उताराची असेल तर परतताना गाडी दुसऱ्या हाताला ओढते. गाडीचीच असेल तर त्याच हाताला.

३. एमपीयू-६०५० सारखी स्वस्त चिप आर्डुइनोला जोडून वळण्याचा वेग नोंदवा. गाडी गरगरली तर २५० अंशांची मर्यादा सहज ओलांडते, म्हणून ५०० किंवा १००० अंशांची रेंज निवडा. सुरुवातीला गाडी स्थिर ठेवून हजार रीडिंग्जची सरासरी काढा आणि ती वजा करा.

४. मगच जायरो चालू करा. ज्या पृष्ठभागावर आणि ज्या सर्वाधिक वेगाने गाडी पळणार आहे, तिथेच गेन ठरवा. झुलणं सुरू होईपर्यंत वाढवा, मग खाली या.

५. वहीत गेनच्या आकड्यासोबत पृष्ठभाग, वेग, टायर आणि सर्वो लिहा. त्यांच्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

पुढे तुम्ही ड्रोनवर काम करा, रोबोटवर करा, नाहीतर मोटारीच्या स्थैर्यप्रणालीवर. फीडबॅक चांगला चालत असतो तेव्हा यंत्रातला दोष तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी एकदा लूप बंद करून बघा. माझी ती वाकडी सळई मी फेकली नाही, टेबलावर समोरच ठेवली आहे.