चित्रसंक्षेपाची विद्या व तींतील चाकरी

अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा वा मुलगी हातची मोठ्या पगाराची नोकरी नाकारून संशोधनाचें नांव काढते, तेव्हां माजघरापासून ओटीपर्यंत एकच प्रश्न निघतो : यांत पोट भरेल काय ? हा प्रश्न मुळींच क्षुद्र नाहीं. चित्रांचा व माहितीचा संक्षेप करण्याच्या शास्त्रापुरता तो येथें पाहूं.

एक कोटी वीस लक्ष बिंदूंचें रंगीत छायाचित्र जसेंच्या तसें सांठविल्यास दर बिंदूस तीन बाइटप्रमाणें ३ कोटी ६० लक्ष बाइट जागा लागते. भ्रमणध्वनींत तें सुमारें दहाव्या हिश्शांत मावतें व डोळ्यांस उणीव भासत नाहीं. या किमयेच्या मुळाशीं बंगळूर येथें १९४० सालीं जन्मलेल्या नासीर अहमद यांची कल्पना आहे. चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येकांतील ६४ आंकडे 'कोसाइन' लहरींच्या प्रमाणांत मांडावयाचे. बहुतेक सारा ऐवज पहिल्या थोड्या आंकड्यांत गोळा होतो. बारीक लहरींचे आंकडे ढोबळ केले किंवा गाळले तरी चालतें.

१९७२ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस स्टेट विद्यापीठांत अध्यापक असतां त्यांनीं या अभ्यासाकरितां नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलें. तें नाकारलें गेलें. कल्पना फारच साधी, असा एका परीक्षकाचा शेरा पडला! तिकडे उन्हाळ्याचें वेतन पुष्कळदां अशा अनुदानांतूनच निघतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे १९७३ चा उन्हाळा त्यांनीं याच कामास वाहिला याचें मोल कळतें. टी. नटराजन व के. आर. राव यांसह लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला आणि १९९२ च्या 'जेपेग' पद्धतीचा पाया ठरला.

आपल्याकडे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रांत उपग्रहांचे कॅमेरे घडतात. उपग्रहापासून पृथ्वीपर्यंतचा संदेशमार्ग अरुंद, म्हणून तेथें संक्षेपावांचून गति नाहीं. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आंकड्यांचा पूर आणतात व त्यांतून आकाशाचें चित्र काढावें लागतें. रुग्णालयांतील सी. टी. चित्रांचें काम मात्र जोखमीचें, कारण गाळतांना रोगाची बारीकशी खूणही जातां कामा नये. आमच्या मतें तेंच सर्वांत रसाचें. याला नुसती आज्ञावली लिहितां येणें पुरत नाहीं. रेषीय बीजगणित व संभाव्यताशास्त्र पक्कें हवें.

आतां पैशाचें. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनीं ती ४२,००० होते. एकट्या जीवास एवढें पुरे. पण घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्याच शिरावर असेल, तर तो भार कोणत्या भावानें किती उचलावयाचा हें वडील मंडळींनीं आधींच ठरवावें. पांच वर्षें मुलास मनांतल्या मनांत कुढत ठेवूं नये. 'गेट' परीक्षा बहुधा फेब्रुवारींत होते आणि अर्ज त्याआधींच्या पावसाळ्याअखेर भरावे लागतात. घरांतील बोलणीं त्यापूर्वीं उरकलेलीं बरीं.